हेलपाटे

गॉलवेबाहेर, बॅलीब्रिटच्या एका बिनखिडकीच्या खोलीत
खारं पाणी सदतीस अंशांवर धरून ठेवलंय.
माणसाइतकं गरम.
माणूस तेवढा नाही.
बारा नळ्या, नळीत एकेक जाळी,
निकेल-टायटॅनियमची, केसाहून जराशी जाड,
आणि यंत्र त्यांना गुडघ्यासारखं वाकवतं, सोडतं,
वाकवतं.

डिर्व्हला मॅकडोना रात्रपाळीला येते,
पडद्यावरचे आकडे वहीत उतरवते.
कुणी सांगितलेलं नाही. तरी उतरवते.

पलीकडच्या यंत्रात नुसती नाडी आहे:
सेकंदाला साठ ठोके,
चाळीस कोटी झाले की दहा वर्षं झाली असं धरायचं.
दहा वर्षं सत्त्याहत्तर दिवसांत उरकतात.
या यंत्रात चालणं आहे. ते सावकाश.
वर्षाला दहा लाख पावलं, एका पायाची.

बर्फाच्या पाण्यात हा धातू ओल्या कागदासारखा,
चुरगळा, बारीक नळीत कोंबा,
रक्ताची ऊब लागली की पुन्हा होता तसा.
माहितीपत्रकात याला स्मरण म्हटलंय.
डिर्व्हला म्हणत नाही.
ज्याला एकच गोष्ट आठवते
त्याच्या आठवणीला हट्ट म्हणावं,
आणि हट्टालाही शीण येतो.

त्रेसष्ट लाखांवर सातवी जाळी तुटली.
आवाज नाही. पाण्यात एक टोक
जरा वेगळ्या दिशेला बघत होतं, एवढंच.
सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली
भेगेच्या उगमाशी एक कण सापडला, धातू वितळवताना राहिलेला,
भाकरीत खडा राहावा तसा.
तिथून निघालेल्या रेषा, एकीमागे एक,
ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा.
मोजता आल्या असत्या. तिने मोजल्या नाहीत.

कारण रॉसाव्हीलला तिचा बाप आहे, फेस्टस,
आणि त्याच्या डाव्या मांडीत हीच जाळी, जुन्या आखणीची,
पाच वर्षं झाली फेब्रुवारीत.
तो रोज धक्क्यापर्यंत जातो आणि येतो.
डॉक्टरांनीच सांगितलंय, चाला.
चाललं तर पाय राहील.
चाललं तर तार झिजेल.
दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही
तिला एकाच पगारात माहीत झाली.

तिला हेही माहीत आहे
की शेकडो दुव्यांतला एक तुटला
म्हणून जाळी कोसळत नाही,
बहुतेकांना कळतही नाही.
‘बहुतेक’ हा शब्द अहवालात बरा दिसतो.

रविवारी ती गेली. तो ओट्यावर
कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत होता,
स्वतःची होडी विकली तरी सुई विकली नव्हती.
तिने नाव न घेता विचारलं,
जाळं कुठे तुटतं रे? जिथे मासा ओढतो तिथे?

‘ओढीने नाही तुटत,’ तो म्हणाला, वर न बघता,
‘ओढ लागली की दोर गप्प उभा राहतो.
जिथे काठाला घासतो, ये-जा, ये-जा,
तिथे जातो. हेलपाट्यांनी.’

तिच्या खोलीत हे समजायला
तीन देशांची माणसं आणि अकरा वर्षं लागली होती:
किती ताण आहे यापेक्षा
ताण किती हलतो हे बघा.

तिने सांगितलं नाही.
सांगायला बंदी होती, पण त्यामुळे नव्हे.
त्याने दोर दाताने तोडला, उठला,
डावा पाय आधी टाकला, नेहमीसारखा,
म्हणाला, येतेस का धक्क्यापर्यंत?

वारा आडवा होता.
ती त्याच्या डाव्या बाजूने चालली
आणि कितीही ठरवलं तरी
मोजत राहिली. तीनशे बारापर्यंत.
मग त्याने कुत्र्याला शीळ घातली
आणि आकडा सुटला.

सोमवारी सातव्या नळीत
नवी जाळी. काटा शून्यावर.